घरच्या वर्कशॉपसाठी पहिले ड्रिल मशीन : आधी खांब पाहावा, मग किंमत

घरालगतच्या खोलीत, जिन्याखालच्या जागेत किंवा पडवीत छोटे वर्कशॉप टाकून रोजी कमावणारे कारागीर आपल्या समाजात थोडेथोडके नाहीत. कोणी लोखंडी दरवाजे व ग्रील बनवतो, कोणी स्टीलची रेलिंग, कोणी कूलरचे स्टँड, कोणी फर्निचर, तर भिवंडी-मालेगावकडे कोणी यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करतो. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि हातातले ड्रिल एवढ्या भांडवलावर धंदा सुरू होतो. पण वर्ष-दोन वर्षांत एक अडचण बहुतेकांना गाठतेच. हातातल्या ड्रिलने पाडलेले भोक सरळ जात नाही. ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपमधून आरपार बोल्ट घालायचा आहे आणि हात अवघा ३ अंश कलला, तर पलीकडच्या बाजूला भोक २ मिलिमीटर सरकलेले असते. मग बोल्ट हातोडीने ठोकायचा, नाहीतर भोक कानसीने वाढवायचे. असा माल गिऱ्हाइकाने परत केला की मजुरीही जाते आणि नावही जाते.

अशा वेळी स्टँडवरचे ड्रिल मशीन घ्यावे असा विचार मनात येतो. बाजारात त्याला बेंच ड्रिल म्हणतात, पिलर ड्रिल म्हणतात. हे मशीन घेताना आपले बांधव बहुधा दोनच गोष्टी विचारतात. मोटर किती एचपीची आणि रुपये किती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते तिसरा आणि चौथा असावेत. त्यांच्या आधी दोन प्रश्न आहेत आणि ते न विचारल्याने आम्हाला स्वतःला काय भोगावे लागले ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानातून नवे, चकचकीत मशीन आणले. एका माणसाला उचलून रिक्षात ठेवता येईल इतके हलके होते आणि त्या वेळी तो आम्हाला गुणच वाटला. खोक्यावर १३ मिलिमीटर लिहिले होते आणि १३ चे बिट चकमध्ये खरोखर बसतही होते. पंधरा दिवसांत स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगचे काम आले. ६ मिलिमीटर जाडीच्या बेस प्लेटी आणि प्रत्येकीला १२ मिलिमीटरची चार भोके. मशीनची सर्वांत कमी गती मिनिटाला सुमारे ६०० फेरे होती. पहिल्या प्लेटचे दुसरे भोक पडेपर्यंत बिटाची धार निळी पडली. हँडलवर जोर द्यावा तर मशीनचे डोके मागे झुके आणि बिट पंचच्या खुणेवरून घसरे. जोर कमी करावा तर बिट कापण्याऐवजी नुसते घासत राही, आणि स्टेनलेसला असे घासले की तो पृष्ठभाग आणखी कडक होऊन बसतो. बिटे संपली, दोन प्लेटी वाया गेल्या, भोके अँकर बोल्टला जुळेनात. अखेर पुढच्या गल्लीतील लेथवाल्या भाईंना मजुरी देऊन सगळी भोके पाडून घ्यावी लागली. दुकानदाराने आम्हाला खोटे काहीच सांगितले नव्हते. आम्हीच विचारले नव्हते.

खांब किती जाड, डोके किती भक्कम

भोक सरळ पडते ते मोटरमुळे नव्हे. खाली बेस, उभा खांब, वर डोके आणि मध्ये टेबल, असा या मशीनचा आकार उघड्या जबड्यासारखा असतो. आपण हँडल दाबतो तेव्हा तो जबडा फाकू पाहतो. जितका फाकेल तितके बिट तिरपे. म्हणून पहिला प्रश्न खांबाचा. एकाच जातीच्या दोन खांबांत एकाचा व्यास ४५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६० असेल, तर दुसरा थोडाथोडका नव्हे, तिपटीहून अधिक ताठ असतो. व्यास दुप्पट केला तर ताठपणा १६ पट होतो, असे या गणिताचे स्वरूप आहे. त्यामुळे खांबात १०-१५ मिलिमीटर जाडी वाढवण्यासाठी दिलेले पैसे मोटरमध्ये अर्धा एचपी वाढवण्यासाठी दिलेल्या पैशांपेक्षा जास्त कामी येतात.

दुकानात परीक्षा सोपी आहे. मशीन बंद ठेवून, प्लग काढून, चकमध्ये एक बोथट सळी धरावी. टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर ती सळी टेकवावी आणि हँडल जोराने दाबावे. डोके वर उचलले गेलेले किंवा टेबल खाली झुकलेले डोळ्यांना दिसले, तर ते मशीन लाकूड, प्लास्टिक आणि पातळ पत्र्यासाठी ठीक आहे. प्लेट व अँगलच्या कामासाठी ते घेऊ नये. खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. टेबलाला आणि डोक्याला ते चिकटत नसेल, तर तो भाग अॅल्युमिनियमचा आहे. बिडाचे डोके व बिडाचे टेबल जड असते, वाहून आणताना कमर धरते, पण थरथर गिळून टाकते. आम्ही ज्याला दोष समजत होतो ते वजनच या मशीनचा मोठा गुण आहे.

सर्वांत कमी गती किती

दुसरा प्रश्न गतीचा, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. जास्तीत जास्त गती किती ते खोक्यावर ठळक छापलेले असते. आपल्याला हवी असते ती कमीत कमी गती. बिट जितके मोठे तितके हळू फिरवायचे आणि धातू जितका चिवट तितके आणखी हळू, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण नेमके किती, ते ठाऊक नसते.

त्यासाठी एक आकडा पाठ करून ठेवावा. ८,०००. साध्या लोखंडासाठी, म्हणजे माइल्ड स्टीलसाठी, ८,००० ला बिटाच्या मिलिमीटरने भागावे. जे उत्तर येईल तितके फेरे मिनिटाला असावेत. १० मिलिमीटरच्या बिटाला ८००. ६ मिलिमीटरला सुमारे १,३००. १३ ला सुमारे ६००. स्टेनलेस असेल तर ८,००० च्या जागी ४,००० घ्यावे. पितळ व अॅल्युमिनियम असेल तर १६,००० घेतले तरी चालते. हा हिशेब हायस्पीड स्टीलच्या, ज्याला आपण एचएसएस म्हणतो त्या बिटाचा आहे. त्यात थोडे मागेपुढे झाले तर बिघडत नाही. पण दुपटीचा फरक पडला तर बिट जळते.

आता आमच्या रेलिंगचा हिशेब करून पाहा. १२ मिलिमीटरचे बिट, स्टेनलेस प्लेट, म्हणजे ४,००० भागिले १२, साधारण ३३० फेरे. आमच्या मशीनला ६०० च्या खाली जाताच येत नव्हते. हे त्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या तोंडी करता आले असते.

गती कमी होते ती पुलीमुळे. मोटर साधारण १,४४० फेरे घेते. मोटरच्या पुलीची सर्वांत लहान पायरी ५० मिलिमीटरची आणि स्पिंडलच्या पुलीची सर्वांत मोठी पायरी १२५ ची असेल, तर स्पिंडल ५७६ फेरे घेईल. दोन पुलींच्या मशीनची उडी बहुधा इथेच संपते. झाकण उघडून आत तिसरी, मधली पुली आहे का ते पाहावे. तिच्यामुळे गती दोनदा कमी होते आणि ३०० च्या आसपास सहज येते. स्टेनलेसचे काम, होल सॉ लावून पत्र्यात मोठी भोके पाडणे, स्क्रूच्या डोक्यासाठी खोलगा करणे, या सर्वांना हीच कमी गती लागते. ५० मिलिमीटरच्या होल सॉला तर लोखंडात १६० च फेरे हवेत. इतकी कमी गती स्वस्त मशिनांत सहसा मिळत नाही, तिथे थांबत थांबत व तेल सोडत काम करावे लागते.

हल्ली बटण फिरवून गती कमी-जास्त करणारी छोटी मशिने मिळतात. दिसायला सोयीची आहेत. पण नुसत्या बटणाने गती उतरवली की लहान मोटरचा जोरही उतरतो. पट्टा आणि पुलीने गती उतरवली की जोर वाढतो. सायकलवर चढ चढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पट्टा बदलायला दोन मिनिटे लागतात, ती लागू द्यावीत.

सुतारकाम करणाऱ्या बांधवांचा हिशेब थोडा वेगळा आहे. लाकडात लहान बिटे जोरात फिरवलेली चालतात. पण कपाटाच्या ऑटो हिंजसाठी ३५ मिलिमीटरचा खोलगा पाडताना गती जास्त असली तर प्लायवूड जळून काळे पडते. त्यांनाही कमी गती हवीच, मात्र खांबाच्या बाबतीत ते थोडे सैल राहू शकतात.

१३ मिलिमीटर म्हणजे काय

चकमध्ये १३ मिलिमीटरपर्यंतचे बिट बसते एवढाच या आकड्याचा पक्का अर्थ आहे. मशीन लोखंडात १३ चे भोक रोज पाडू शकेल असा तो होत नाही. दुकानदाराला स्पष्ट विचारावे की साध्या लोखंडात किती. आमच्या मते घरच्या वर्कशॉपला भक्कम बांधणीचे १३ मिलिमीटरचे देशी मशीन पुरे होते. बटाला आणि राजकोटकडे बनणारी बिडाची मशिने मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि मोठ्या शहरांतील अवजारांच्या बाजारांत मिळतात. ज्याचे काम रोज प्लेटींचे आहे त्याने २० मिलिमीटरचे पाहावे, पण ते ठेवायला जागा व जमीन दोन्ही मजबूत लागतात.

चकच्या मध्यापासून खांबापर्यंतचे अंतर टेपने स्वतः मोजावे. हे अंतर १०० मिलिमीटर असेल, तर २०० मिलिमीटर रुंद पट्टीच्या मधोमध भोक पाडता येते, त्याहून रुंद पट्टीच्या नाही. काही परदेशी मशिनांवर हा दुप्पट आकडाच छापतात आणि घेणारा तोच खरा समजतो. तसेच हँडल पूर्ण दाबल्यावर चक किती खाली येते ते पाहावे. ते ५० मिलिमीटरच येत असेल, तर ७५ च्या चौकटीत एका दमात भोक पडणार नाही. चक आणि टेबल यांच्यामधली उंचीही पाहावी. १० मिलिमीटरचे नेहमीचे बिट १३३ मिलिमीटर लांब असते, त्याखाली व्हाइस येतो आणि व्हाइसमध्ये काम येते. हे सगळे मावले पाहिजे.

हातातल्या ड्रिलला स्टँड लावून भागेल का, असे पुष्कळ जण विचारतात. लाकूड व पत्र्याला भागते. प्लेटला भागत नाही, कारण स्टँड आणि ड्रिल दोन्हींची ढिलाई एकत्र होते.

मोटर आणि वीज

१३ मिलिमीटरच्या मशीनला अर्धा एचपी, म्हणजे ३७३ वॉटची मोटर पुरते. घरी सिंगल फेज असेल तर सिंगल फेजचीच मोटर घ्यावी. जुनी कारखान्यातली मशिने बहुतेक थ्री फेजची असतात. ती स्वस्त दिसतात आणि घरी आणल्यावर मोटर बदलण्याचा खर्च निघतो. तो खर्च सौद्यातच धरावा. वायंडिंग तांब्याचे आहे का, ते विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. आपल्याकडे देशी मशीनची किंमत कित्येकदा मोटर सोडून सांगतात. त्यामुळे दोन दुकानांचे भाव ताडून पाहताना मोटर, चक, चावी, पट्टा, स्विच आणि जीएसटी धरून किती, असे एकाच प्रश्नात विचारावे. नाहीतर स्वस्त वाटलेले मशीन घरी येईपर्यंत महाग झालेले असते.

जुने मशीन आणि त्यातला ऐब

आमचे स्पष्ट मत असे की ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने नवे हलके मशीन घेण्यापेक्षा जुने जड मशीन शोधावे. बीड झिजत नाही असे नाही, पण फार सावकाश झिजते. मुंबईत कुर्ला व चोर बाजार, पुण्यात जुना बाजार, शिवाय बंद पडलेल्या कारखान्यांचा माल घेणारे भंगारवाले यांच्याकडे अशी मशिने येत असतात. या धंद्यात आपलेच बांधव मोठ्या संख्येने आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना सांगायचे आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि आत ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य खाली दडपून कोरडे वर ठेवलेले होते. ओले वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध तोडला. हा प्रसंग आपण सर्वांनी खुतब्यात ऐकलेला आहे. जुन्या मशीनवर नवा हिरवा रंग मारून, बिडाला गेलेला तडा पुटीने बुजवून विकणे हे त्याच ढिगाचे दुसरे रूप आहे. ऐब सांगून विकला तर किंमत थोडी उतरते, पण सौदा स्वच्छ राहतो. घेणाऱ्यानेही संकोच न करता ढिगात हात घालावा. हात कुठे घालायचा ते पुढीलप्रमाणे.

पट्टा काढून स्पिंडल हाताने फिरवावा. बेअरिंग खराब असेल तर खरखर बोटांना कळते. मग हँडल पूर्ण दाबून चक खाली आणावे आणि तशा स्थितीत चक धरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवून पाहावे. ढिलाई जाणवली तर ज्या नळीत स्पिंडल बसतो ती झिजलेली आहे. हा दोष स्वस्तात दुरुस्त होत नाही. असे मशीन कितीही कमी भावात मिळाले तरी सोडावे. चकचा दोष तसा नाही, चक बदलता येते. चकमध्ये नव्या १० मिलिमीटरच्या बिटाचा गुळगुळीत दांडा धरून हाताने फिरवावा आणि शेजारी एक टोकदार तार स्थिर धरावी. तार आणि दांडा यांतली फट एका फेऱ्यात कमी-जास्त होत असेल तर चक किंवा स्पिंडल आउट आहे. नेमके कोण, ते चक काढून स्पिंडलवर तीच परीक्षा घेतली की कळते.

टेबल काटकोनात आहे का हे पाहायलाही महागडे मीटर लागत नाही. जाड तारेचा तुकडा काटकोनात दोनदा वाकवून एक टोक चकमध्ये धरावे आणि दुसरे टोक टेबलाला जेमतेम टेकेल असे ठेवावे. चक हाताने फिरवले की तारेचे टोक टेबलावर वर्तुळ काढते. चारही बाजूंना ते सारखेच टेकले तर टेबल सरळ आहे. डावी-उजवीकडे फरक असेल तर टेबल फिरवून दुरुस्त होतो. पुढे-मागे असेल तर पत्र्याची पातळ पट्टी घालून भागवावे लागते. टेबलावर बिटाचे खड्डे पडलेले असले तर घाबरू नये, ते वापराचे डाग आहेत. हँडलच्या दात्यांचा मात्र नीट तपास घ्यावा आणि हँडल सोडल्यावर चक स्वतःहून वर जाते का ते पाहावे. बाजूच्या डबीतली स्प्रिंग ताणलेली असते, ती दुकानात खोलू नये.

मशीन चालवून पाहता येत नसेल, तर सौदा करतानाच तीन दिवसांची परतीची अट घालावी. इस्लामी फिकहमध्ये याला खियार-ए-शर्त म्हणतात आणि घेणारा व देणारा दोघांनाही ती अट घालण्याचा अधिकार आहे. अट तोंडी न ठेवता बिलाच्या मागे दोन ओळींत लिहून घ्यावी. मग घरी आणून खऱ्या कामावर मशीन लावावे.

पैसे कोठून

शक्यतो रोखीने घ्यावे. ज्यांची भिशी चालू आहे त्यांनी आपला नंबर आला की घ्यावे, किंवा जमातीच्या बैतुलमालातून अगर नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना मिळत असेल तर विचारावे. दुकानदाराने स्वतः हप्त्यांनी दिले, रोखीपेक्षा एकूण किंमत जास्त सांगितली, पण ती पहिल्याच दिवशी ठरली व पुढे वाढणार नाही, तर बहुसंख्य फकीह अशा विक्रीला जायज मानतात. हप्ता चुकला की दंड वाढत जाणे ही गोष्ट मात्र व्याजाकडे नेते. बँक किंवा कार्डमार्फत येणाऱ्या बिनखर्ची हप्त्यांच्या योजनांत आत काय आहे ते कागद वाचून, आलिमांना दाखवून ठरवावे. सुतार, लोहार, कुलूप बनवणारे अशा १८ व्यवसायांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे अनुदान आहे आणि ते परत करायचे नसते. त्यापुढचे कर्ज ५ टक्के व्याजाचे आहे. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत एवढे ध्यानात ठेवून चौकशी करावी.

सगळे पैसे मशीनवर घालू नयेत. शंभरातले पंचवीस-तीस रुपये बाजूला काढावेत. पहिला खर्च मशीन व्हाइसचा आणि तो बिडाचा, टेबलाला बोल्टने आवळता येणारा असावा. मग दोन सी-क्लॅम्प, एक चांगला सेंटर पंच, पाण्यात मिसळायचे कटिंग ऑइल आणि डोळ्यांचा चष्मा. शंभर बिटांचे स्वस्त खोके घेऊ नये. लागणाऱ्या मापाची एचएसएसची बिटे सुटी घ्यावीत. आटे पाडण्याचे काम असेल तर ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ५ चे, ८ साठी ६.८ चे आणि १० साठी ८.५ चे बिट लागते. १२ चे भोक पाडायचे तर आधी ४ किंवा ५ चे पाडून घ्यावे, जोर निम्म्याने कमी लागतो.

घरात मशीन

मशीन जमिनीला किंवा जड टेबलाला बोल्टने बांधल्याशिवाय चालू करू नये. वरचे डोके जड असते, ते पालथे होते. अर्थिंग खरे असावे, प्लगला तिसरी पिन असणे म्हणजे अर्थिंग नव्हे. वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

हातात कामाचा तुकडा धरून भोक पाडण्याची सवय हातातल्या ड्रिलमुळे लागलेली असते. ती इथे बोटे घेऊन जाते. बिट पलीकडे निघताना पत्र्यात अडकते आणि तुकडा पंख्यासारखा फिरतो. त्या क्षणी हाताची ताकद काही कामाची नसते. तुकडा लहान असो वा मोठा, व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पखाली असलाच पाहिजे. हातमोजे घालू नयेत, ते बिटात ओढले जातात. कुडत्याच्या बाह्या वर चढवून बांधाव्यात, गळ्यातला रुमाल काढून ठेवावा आणि ज्यांची दाढी लांब आहे त्यांनी खाली वाकून खूण पाहताना मशीन बंद करावे. घरातल्या बायका मदतीला उभ्या राहतात, त्यांच्या ओढणीलाही हेच लागू. चकची चावी चकमध्ये विसरून स्विच दाबला तर ती गोळीसारखी सुटते. चावी साखळीने मशीनला बांधण्यापेक्षा स्विचच्या वायरला बांधावी, म्हणजे प्लग काढल्याशिवाय ती चकपर्यंत पोचतच नाही. मुले खेळत असतील त्या घरात काम संपल्यावर पट्टा सैल करून प्लग काढून ठेवावा.

भिंतीला लागून मशीन ठेवले तर आवाज शेजाऱ्याच्या घरात जास्त जातो. बेसखाली जाड रबराचे तुकडे घालावेत व एक हात अंतर सोडावे. इशानंतर मशीन बंद ठेवण्याचा नियम आम्ही केला आहे. शेजाऱ्याचा हक्क मोठा आहे, आणि तक्रार झाली की घरातले वर्कशॉप पहिल्यांदा बंद होते.

आमच्या त्या हलक्या मशीनचे पुढे काय झाले तेही सांगतो. बंद पडलेल्या एका कारखान्यातून आम्ही तीन पुलींचे जुने देशी मशीन घेतले, मोटर बदलली, टेबलाखाली पत्र्याची पट्टी घातली. ते आजही चालते आहे. हलके मशीन विकताना घेणाऱ्याला खांब झुकतो, ६०० च्या खाली गती नाही आणि स्टेनलेस कापत नाही, असे तिन्ही ऐब आधी सांगितले. त्याने सांगितलेली किंमत आणखी उतरवून मागितली आणि आम्ही ती मान्य केली. त्यांचे काम लाकडी खेळण्यांचे आहे. मागच्या महिन्यात ते पट्टा बदलून घ्यायला आले होते.